दीर्घकालीन आजार, आरोग्यशिक्षक आणि लोकांची भाषा : सुरतेतील प्रशिक्षणाच्या समन्वयाचा विचार

प्रस्तावना

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग हे एकेकाळी सुखवस्तू लोकांचे आजार समजले जात. ही समजूत आता टिकणारी नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हे चित्र केवळ शहरांचे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतील मृत्यूंच्या कारणांचा शोध घेतला. तेव्हा १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. त्या खेड्यांत मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले.

हा विषय शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या हजेरीपटात आहे. घरातील कमावता माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळला की पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर बसतो. मुलगा यंत्रमागावर कामाला लागतो आणि मुलगी रुग्णाच्या सेवेसाठी घरी राहते. ज्या आजाराला वेळीच आवर घालता आला असता, तो एका पिढीचे शिक्षण घेऊन जातो.

दीर्घकालीन आजारांविषयी लोकांना सांगणारे जे आरोग्यशिक्षक आहेत, त्यांच्या प्रशिक्षणाचा समन्वय कसा करावा आणि त्यात कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकाचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखकाचे क्षेत्र भाषेचे आहे, वैद्यकाचे नाही. त्यामुळे औषधोपचार हा लेखाचा विषय नसून शिकवणे, समजणे आणि पाठपुरावा करणे हा आहे.

साथीचा रोग आणि सोबतीचा रोग

सुरतेला रोगाचा मोठा अनुभव आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा काही दिवसांतच लाखो लोक शहर सोडून गेले. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत अधिकारी कार्यालयातून निघून रोज वस्त्यांत फिरू लागले, कचरा नियमित उचलला जाऊ लागला आणि अल्पावधीतच शहराचे रूप बदलले. भीती मोठी होती, उपाय डोळ्यांना दिसत होता आणि साथ ओसरताना सर्वांना कळत होते.

मधुमेह व रक्तदाब यांच्या बाबतीत यातले काहीच नसते. साथीचा रोग येतो आणि जातो. हे रोग सोबतीला राहतात. ताप येत नाही, अंगावर काही उठत नाही, शेजारी घाबरत नाहीत. माणूस कामावर जात असतो आणि आतल्या आत डोळे, मूत्रपिंडे, पाय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या यांची हानी होत असते. अनेकांना आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नसते.

या फरकामुळे शिकवण्याची पद्धतही बदलावी लागते. साथीच्या वेळी 'पाणी उकळून प्या' हे एकदा सांगून भागते. येथे तीच गोष्ट तोच माणूस वर्षानुवर्षे ऐकत राहणार असतो, त्याला काही त्रास होत नसताना ती पटवायची असते, आणि ती त्याच्या स्वयंपाकघरात, सवयीत व सणावारात शिरणारी असते. म्हणून एक दिवसाचे शिबिर, एक पत्रक आणि एक प्रमाणपत्र हा साचा दीर्घकालीन आजारांना लागू पडत नाही.

आरोग्यशिक्षक कोण?

केंद्र शासनाने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंधासाठी १०० जिल्ह्यांत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे तो देशभर नेण्यात आला. २०१७ च्या सुमारास तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करण्याचे धोरण आले. या व्यवस्थेत 'आशा' कार्यकर्ती घरोघरी जाऊन वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि कुटुंबातील आजार यांविषयी प्रश्न विचारते व गुण देते. ज्यांचे गुण चारपेक्षा अधिक, त्यांना तपासणीसाठी आधी पाठवायचे असते. या कामासाठी आशांना पाच दिवसांचे प्रशिक्षण ठरवून दिलेले आहे. शहरी आरोग्य अभियानानुसार सुमारे १,००० ते २,५०० लोकवस्तीमागे एक आशा आणि ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती अपेक्षित आहे.

तथापि आरोग्यशिक्षक म्हणजे केवळ आशा नव्हे. अंगणवाडी सेविका, शाळेतील शिक्षक, बचत गटाच्या प्रमुख, मोहल्ल्यातील औषधाचा दुकानदार आणि आपल्या महाविद्यालयातील आरोग्यविषयक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी हे सर्व त्यात येतात. त्यांच्याकडून चार कामे अपेक्षित आहेत : धोका असलेली माणसे ओळखून केंद्राकडे पाठवणे, आजार सोप्या शब्दांत समजावणे, रुग्ण पुन्हा तपासणीला गेला की नाही हे पाहणे, आणि तो का गेला नाही हे केंद्राला कळवणे. तीन गोष्टी त्यांनी करू नयेत : निदान करणे, औषधाची मात्रा बदलणे आणि रुग्णाला धाक घालणे. प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला ही मर्यादा स्पष्ट झाली पाहिजे.

शब्दांची तपासणी

सुरत हे स्थलांतरितांचे शहर आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून आलेली मराठी व अहिराणी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या शेजारी उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू आणि गुजराती बोलणारे राहतात. महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीसह सात माध्यमांत चालतात, यावरून या विविधतेची कल्पना यावी. प्रशिक्षण एका भाषेत झाले तरी प्रशिक्षणार्थी स्त्री काम अनेक भाषांत करणार असते. हा पूल बांधण्याचे काम डॉक्टरांवर सोडता येणार नाही. ते भाषेच्या शिक्षकाचे काम आहे. काही शब्द उदाहरणादाखल पाहू.

'शुगर' : पुस्तकी मराठीत मधुमेह, पुस्तकी उर्दूत जियाबेतस, परंतु वस्तीत दोन्ही भाषांचे लोक 'शुगर' म्हणतात. शब्द तोच वापरावा. मात्र त्यामुळे आजार फक्त साखरेशी जोडला जातो. चहातली साखर बंद करून माणूस निश्चिंत होतो आणि भात, बटाटा, मैद्याची नानखटाई व गूळ पूर्वीसारखेच चालू राहतात. गूळ 'देशी' म्हणून चालतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात.

'बीपी' : "मला बीपी नाही," असे लोक म्हणतात तेव्हा रक्तदाब हे मोजमाप नसून रोगाचे नाव झालेले असते. "बीपी वाढलं की मला कळतं, डोकं धरतं," ही समजूत त्याहून घातक आहे. डोके दुखण्याची वाट पाहणारा माणूस तपासणीला जात नाही.

'कंट्रोल' : डॉक्टर समाधानाने म्हणतात, "बीपी कंट्रोलमध्ये आहे." रुग्ण त्याचा अर्थ 'आजार गेला' असा लावतो आणि गोळी थांबवतो. आरोग्यशिक्षकाने हे वाक्य कधीही अपुरे सोडू नये. "गोळीमुळे आटोक्यात आहे, गोळी थांबली की पुन्हा वाढेल," असे पूर्ण सांगावे. 'रिपोर्ट नॉर्मल आला' या वाक्यालाही हीच जोड द्यावी.

'पथ्य' व 'परहेज' : मराठी व उर्दू या दोन्ही शब्दांत शेवट गृहीत आहे. कावीळ झाली, पथ्य पाळले, पथ्य सुटले. मधुमेहाचे पथ्य सुटत नाही. म्हणून 'पथ्य' ऐवजी 'घराचे रोजचे जेवण' या शब्दांत बोलावे. एकाच्या ताटाऐवजी सर्वांच्या कढईतील तेल-मीठ कमी करण्याचा विचार त्यातून पुढे येतो.

'तंबाखू' : "तुम्ही तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण तिच्या दृष्टीने ते दात घासणे आहे. मिश्री, तपकीर, बजर, मावा, गुटखा, विडी यांची नावे घेऊन प्रत्येकाचा वेगळा प्रश्न विचारला तरच खरे उत्तर मिळते.

भाषेबरोबर लिपीचाही विचार हवा. घरी उर्दू बोलणारा पण गुजराती माध्यमात शिकलेला तरुण उर्दू लिपीतील पत्रक वाचू शकत नाही. अहिराणी बोलणारी आई अक्षरे मराठीची ओळखते, तर तिचा मुलगा गुजरातीची. म्हणून पत्रक छापण्यापूर्वी ते कोणाच्या हाती पडणार आहे हे पाहावे आणि शक्य तेथे चित्र व तोंडी संदेश यांवर भर द्यावा.

यासाठी एक सोपी पद्धत सुचवता येईल. प्रशिक्षणाला येण्यापूर्वी प्रत्येकीने आपल्या गल्लीतून या आजारांविषयी ऐकलेली दहा वाक्ये जशीच्या तशी आणावीत. ती फळ्यावर लिहावीत आणि डॉक्टरांनी आपले व्याख्यान त्या वाक्यांना उत्तर देत पुढे न्यावे. विषय तोच राहतो, पण त्याचा क्रम ऐकणाऱ्यांकडून येतो.

प्रशिक्षणाची रचना

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. त्या नियमितपणे केंद्रावर येत, गावातील अडचणी सांगत, एकमेकींकडून शिकत आणि परत जात. हे शिकणे वर्षानुवर्षे चालले. प्रशिक्षण हा कार्यक्रम नसून नाते आहे, हा जामखेडचा धडा सुरतेसारख्या शहरालाही तितकाच लागू आहे.

त्यानुसार आरंभी पाच अर्धे दिवस आणि नंतर वर्षभर दरमहा एक अर्धा दिवस, अशी रचना योग्य वाटते. दुपारी दोन ते पाच ही वेळ गृहिणींना सोयीची पडते.

पहिल्या दिवशी आजारांची ओळख व रक्तदाब मोजण्याचा सराव घ्यावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवणे, आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू न घेणे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवणे आणि दोनदा मोजणे, एवढे प्रत्येकीच्या हातून व्हावे. १४०/९० वा त्याहून अधिक आकडा आला तर केंद्राकडे पाठवायचे, हे पाठ असावे. दुसरा दिवस स्वयंपाकघराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून कमी मीठ पुरेसे आहे. तो चमचा प्रत्यक्ष ताटात ओतून दाखवावा आणि पापड, लोणचे, शेव, सुके मासे यांतून किती मीठ येते याची चर्चा व्हावी. तिसरा दिवस गोळ्या, तपासणीचे कार्ड आणि पायांची काळजी यांसाठी. मधुमेह्याने रोज रात्री तळपाय पाहावेत व अनवाणी चालू नये, ही साधी गोष्ट पाय कापण्याची वेळ टाळू शकते. चौथ्या दिवशी तंबाखू आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग हे विषय घ्यावेत. येथे शिकवणारी स्त्रीच असावी. पाचव्या दिवशी पक्षाघाताची लक्षणे, म्हणजे तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे व बोबडी वळणे, ही शिकवून '१०८' ला तत्काळ फोन करण्याचा सराव घ्यावा. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. 'सकाळपर्यंत पाहू' हे वाक्य किती महाग पडते, हे प्रत्येकीला समजलेले असावे.

वेळापत्रक आणि लोकांचे वर्ष

रुग्णाची गोळी कोणत्या महिन्यात चुकते हे पाहून प्रशिक्षणाचे वेळापत्रक आखावे. या दृष्टीने तीन प्रसंग महत्त्वाचे आहेत.

पहिला रमजान. २००१ मध्ये मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या तेरा देशांत १२,२४३ मधुमेही व्यक्तींची पाहणी झाली होती. प्रौढ वयात होणारा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवल्याचे त्यात आढळले. रक्तातील साखर गंभीर प्रमाणात उतरण्याचे प्रकारही रमजानमध्ये कित्येक पटींनी वाढलेले दिसले. कुराणात आजारी व प्रवासी यांना रोज्यांतून सवलत आहे. तरीही माणसे रोजे ठेवतात. म्हणून 'रोजा ठेवू नका' एवढेच सांगणारे शिक्षण अपुरे ठरते. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाने डॉक्टरांना भेटून आपण रोजा ठेवू शकतो की नाही आणि गोळी-इन्सुलिनच्या वेळा कोणत्या, हे विचारून घ्यावे. साखर ७० च्या खाली गेली वा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. बोटातून रक्त घेऊन तपासल्याने रोजा मोडत नाही, असे मत अनेक उलेमांनी दिले आहे. या सत्रात डॉक्टर व स्थानिक आलिम यांना एकाच व्यासपीठावर बसवणे, हे समन्वयकाचे मोठे काम होय. आरोग्यशिक्षकाने फतवाही देऊ नये आणि मात्राही सांगू नये. दोघांचे म्हणणे घरोघर पोहोचवावे.

दुसरा प्रसंग आखाजी व लग्नसराईचा. खानदेशी कुटुंबे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गावी जातात आणि लग्ने उरकून परततात. तिसरा दिवाळीचा, तेव्हा कारखाने बंद असतात. दोन्ही वेळी महिन्याच्या गोळ्या गावी संपतात आणि कार्ड सुरतेच्या खोलीत राहते. जाण्यापूर्वी पंधरवडाभर आधीच्या मासिक सत्रात एकच विषय घ्यावा : जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घेणे आणि कार्ड बरोबर नेणे.

यंत्रमागावरील पाळ्याही विसरू नयेत. बारा तासांची पाळी करणारा कामगार दुपारच्या गृहभेटीत झोपलेला असतो वा कामावर असतो. त्याला गाठायचे तर पाळी बदलण्याची वेळ व कारखान्याचे दार हेच ठिकाण.

समन्वयकाची कामे

समन्वय म्हणजे सभागृह आरक्षित करणे व पाहुण्यांना पत्रे पाठवणे, असा समज आहे. वास्तविक महापालिकेचे आरोग्य केंद्र, वैद्यकीय महाविद्यालय, आपली संस्था, मोहल्ला आणि प्रशिक्षणार्थी या पाच पक्षांना एका सूत्रात ठेवणे हे ते काम आहे. सुरतेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय अशी दोन्ही उपलब्ध असल्याने तज्ज्ञांची वाण नाही. अडते ते सांधेजोडीत.

पहिली गोष्ट, प्रशिक्षणाआधीच केंद्राशी लेखी ठरवून घ्यावे की पाठवलेला रुग्ण कोणत्या दिवशी, कोणाकडे जाईल. आरोग्यशिक्षिकेने वीस जण पाठवले आणि तेथे यंत्र बंद असेल किंवा गोळ्या संपलेल्या असतील, तर तिचा शब्द खोटा पडतो. पुढच्या वेळी गल्लीत तिचे कोणी ऐकत नाही. तिची पत हेच या कामाचे भांडवल आहे.

दुसरी गोष्ट, सर्व व्याख्यात्यांचे आकडे व वाक्ये एक असावीत. एक डॉक्टर भात बंद करा म्हणतात आणि दुसरे थोडा चालेल म्हणतात, यातून वस्तीत 'यांचेच यांना ठाऊक नाही' एवढाच संदेश जातो. तिसरी गोष्ट, प्रवासखर्च व मानधन वेळेवर मिळावे आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी. चौथी, कोणाला कोणता आजार आहे हे गुप्त ठेवण्याची शिस्त लावावी; लग्न जुळणाऱ्या घरात ही बाब फार नाजूक असते.

मोजमाप

अहवालात सहसा 'इतक्या जणींना प्रशिक्षण दिले' हा आकडा येतो. त्यातून रुग्णांचे काय झाले हे कळत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आरंभीच्या २५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे होते. नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब अलीकडच्या भेटीत १४०/९० च्या खाली होता, हे तेथे मोजले गेले. महाविद्यालयाला एवढी यंत्रणा शक्य नसली तरी तीन आकडे ठेवता येतात : पाठवलेल्यांपैकी किती केंद्रावर पोहोचले, तिसऱ्या महिन्यात किती पुन्हा गेले, आणि सहाव्या महिन्यात किती जणांची गोळी चालू आहे.

त्याहून उपयुक्त यादी न आलेल्यांची. प्रत्येक नावापुढे कारण लिहावे : पाळी बदलली, गावी गेला, गोळीने चक्कर आली, सासूने काढा दिला, 'बरे वाटते' म्हणून सोडली. ही कारणे म्हणजेच पुढच्या मासिक सत्राचा अभ्यासक्रम होय. प्रशिक्षणार्थींची परीक्षाही लेखी न ठेवता तोंडी व त्यांच्याच बोलीत घ्यावी. समोर रुग्ण आहे असे मानून तिने तीन मिनिटे बोलून दाखवावे.

समारोप

दीर्घकालीन आजारांचे औषध बहुतांशी स्वस्त आहे आणि सार्वजनिक केंद्रांत ते देण्याची तरतूदही आहे. उणीव आहे ती ते रोज घेतले जावे यासाठी वर्षभर बोलत राहणाऱ्या माणसाची. असा माणूस पाच दिवसांत तयार होत नाही. त्याला दर महिन्याला भेटणारा, त्याच्या अडचणी ऐकणारा आणि केंद्राशी त्याचे नाते टिकवणारा कोणीतरी लागतो. हे काम कम्युनिटी कॉलेजचा शिक्षक करू शकतो, कारण वस्तीची भाषा त्याला येते, विद्यार्थ्यांची घरे त्याला माहीत असतात आणि वर्षभर तो तेथेच असतो. आरंभ लहान असावा. एक केंद्र, एक गल्ली, दहा प्रशिक्षणार्थी आणि न आलेल्यांची एक वही एवढ्यावर पहिले वर्ष पार पाडता येईल.